मराठी वृत्तपत्र : कागदावरून पडद्यावर

आळंदीस पहांटे दोन गोष्टी नेमानें घडतात. समाधिमंदिरांत काकड्याचे सूर निघतात, आणि पुण्याकडून येणारी गाडी एस. टी. स्थानकाजवळ वर्तमानपत्रांचे गठ्ठे टाकून पुढें निघून जाते. पहिली गोष्ट पूर्वीप्रमाणेंच चालू आहे. दुसरीसंबंधानें आज मला आपणांशीं चार शब्द बोलावयाचे आहेत.

गठ्ठे अजून येतात. परंतु ते लहान झाले आहेत. ज्या विक्रेत्याकडून मी पुष्कळ वर्षें वर्तमानपत्र घेत आलों, त्याच्या मुलाला एकदां मीं विचारलें, "काय रे, आज इतकेच अंक?" तो म्हणाला, "गुरुजी, तुमच्यासारखीं दहा-बारा घरें सोडलीं तर पेपर घेतो कोण? सगळे मोबाइलवर बघतात." एवढें बोलून तो स्वतःच मोबाइलमध्यें आळंदीची बातमी वाचूं लागला. समोर वर्तमानपत्रांचा ढीग, आणि विकणारा मात्र पडद्यावर वाचतो आहे! मला प्रथम हंसूं आलें. मग लक्षांत आलें कीं त्याला दोष देण्यांत अर्थ नाहीं. त्याच्या हातांतली बातमी अर्ध्या तासापूर्वींची होती, ढिगांतली आदल्या रात्रींची. बाजारांत ताजी भाजी मिळत असतांना शिळी कोण घेईल?

तेव्हां वर्तमानपत्र पडद्यावर गेलें याबद्दल गळा काढण्यासाठीं मी येथें आलेलों नाहीं. मी स्वतः दोन्ही ठिकाणीं वाचतों. परंतु कागदाबरोबर आणखी एक गोष्ट आपल्या हातांतून निसटते आहे, आणि ती निसटत आहे हें आपल्या ध्यानांत येत नाहीं, असें मला वाटतें. ती कोणती, हें सांगण्यासाठीं थोडें मागें जावें लागेल.

बाळशास्त्री जांभेकरांनीं ६ जानेवारी १८३२ रोजीं मुंबईंत 'दर्पण' पत्र काढलें, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. एका बाजूस इंग्रजी व एका बाजूस मराठी असे दोन स्तंभ, आरंभीं पाक्षिक, पुढें साप्ताहिक, आणि १८४० सालीं समाप्ति. उणीं-पुरीं साडेआठ वर्षें तें चाललें. आळंदीकराच्या दृष्टीनें या इतिहासांतला एक धागा विशेष जवळचा आहे. ज्या बाळशास्त्र्यांनीं मराठी वृत्तपत्राचा पाया घातला, त्यांनींच १८४५ सालीं ज्ञानेश्वरी शिळाछापावर छापवून लोकांच्या हातीं दिली. तोंपर्यंत साडेपांचशें वर्षें हा ग्रंथ हस्तलिखित पोथ्यांतून चालत आला होता.

आतां पोथीची नक्कल करणारा मनुष्य कितीही श्रद्धाळू असो, तो कांहीं गाळतो, कांहीं बदलतो, आणि क्वचित् आपल्या पदरचेंही घालतो. म्हणूनच शके १५०६ मध्यें, म्हणजे १५८४ सालीं, एकनाथ महाराजांना अनेक प्रती पुढें घेऊन ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध करावा लागला. त्यांना पडलेल्या स्वप्नाची आणि अजानवृक्षाच्या मुळीची कथा आपण ऐकलेली आहे. ती सांगण्याचें हें स्थळ नव्हे. मला त्या कथेपेक्षां नाथांनीं शेवटीं दिलेली ताकीद अधिक महत्त्वाची वाटते. यापुढें कोणीं आपली ओंवी या ग्रंथांत घालूं नये, असें त्यांनीं बजावून ठेविलें. जो पुरुष अशी ताकीद देतो, त्यानें प्रती कशा बिघडतात हें पुरेपूर पाहिलेलें असलें पाहिजे.

छापखान्यानें ही अडचण पुष्कळ अंशीं दूर केली. एका ठशाच्या पांचशें प्रती निघाल्या कीं त्या पांचशें घरीं सारख्याच असतात. चूक झाली तर ती पांचशें ठिकाणीं सारखीच होते, आणि मागाहून ती कोणालाही गुपचूप पुसतां येत नाहीं. जुन्या मराठी पुस्तकांच्या अखेरीस 'शुद्धिपत्र' म्हणून एक पान असे. अमुक पृष्ठावर अमुक ओळींत अशुद्ध असें छापलें आहे, तें शुद्ध असें वाचावें, असें त्यांत लिहिलेलें असे. लहानपणीं मला त्या पानाची फार गंमत वाटे. खिळे जुळविणाऱ्याची चूक, मुद्रितें तपासणाऱ्याची डुलकी, सगळें चारचौघांसमक्ष कबूल! आतां वाटतें, तें पान म्हणजे वाचकाशीं केलेला प्रामाणिक व्यवहार होता. चूकही राहिली आणि दुरुस्तीही राहिली. ज्याला पारख करावयाची त्यानें ती करावी.

वृत्तपत्राच्या बाबतींत तर हा व्यवहार कायद्यानेंच बांधला गेला. १८६७ च्या छापखाने व पुस्तकें नोंदणीच्या कायद्यानें छापील पत्रावर मुद्रकाचें नांव आणि छापल्याचें ठिकाण घालणें भाग पडलें. सरकारनें तें आपल्या सोयीसाठीं केलें, आपल्या कल्याणासाठीं नव्हे. कोणाला पकडावयाचें तें कळावें, एवढाच त्यांत हेतु. परंतु त्या सक्तींतून एक निराळीच गोष्ट निष्पन्न झाली. छापलेल्या प्रत्येक शब्दाला एक तारीख आणि एक धनी मिळाला.

याची किंमत काय पडते, हें 'केसरी'च्या चालकांना लौकरच कळलें. ४ जानेवारी १८८१ रोजीं पत्र निघालें, आणि पुढच्याच वर्षीं कोल्हापूर प्रकरणांत टिळक व आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगांत एकशें एक दिवस काढावे लागले. ज्या पत्रांच्या आधारावर मजकूर छापला होता, तीं पत्रें बनावट ठरलीं. मजकूर छापून गेला होता. तो मागें घेण्याची वाट नव्हती. पुढें १९०८ सालीं टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, तो १२ मे व ९ जून या तारखांच्या अंकांवरून. टिळकांनीं सरकारी भाषांतरावर आक्षेप घेतला, अर्थावर वाद घातला, संपादकाच्या हक्काबद्दल भाषण केलें. पण आपण असें छापलेंच नाहीं, असें म्हणण्याची सोय नव्हती आणि त्यांना ती नकोही होती. अंक पुढें ठेवलेला होता. सहा वर्षें मंडालेस गेलीं, परंतु ते दोन अंक आजही कोणाला काढून पाहतां येतात, आणि न्याय कीं अन्याय हें ज्याचें त्याला ठरवितां येतें.

आतां कागदावरून पडद्याकडे येऊं.

आपल्या देशांत १५ ऑगस्ट १९९५ पासून आंतरजाल सर्वसामान्य नागरिकांसाठीं खुलें झालें, आणि थोड्याच वर्षांत मोठ्या मराठी दैनिकांनीं आपापलीं संकेतस्थळें उघडलीं. परंतु मराठीपुढें एक विघ्न होतें, जें इंग्रजीपुढें नव्हतें. छापखान्यांत संगणक आले तेव्हां अक्षरजुळणीच्या प्रत्येक व्यवस्थेनें देवनागरीचा स्वतःचा निराळा फॉन्ट बनविला होता. त्यांत 'क' हें अक्षर खरोखर 'क' नसे; आंत एखादें रोमन अक्षर किंवा चिन्ह असे, आणि वरून त्याला देवनागरीचा मुखवटा चढविलेला असे. छापून कागद बाहेर पडला कीं मुखवट्याखालीं काय आहे याची कोणाला पर्वा नव्हती. पडद्यावर मात्र सगळें सोंग उघडें पडलें. अमक्या दैनिकाचा फॉन्ट आपल्या संगणकांत उतरवून घेतलेला नसला, तर अग्रलेखाच्या जागीं रोमन अक्षरांची आणि उद्गारचिन्हांची खिचडी दिसे. दुसरें दैनिक वाचावयाचें तर दुसरा फॉन्ट. परदेशीं राहणाऱ्या माझ्या एका विद्यार्थ्यानें मला तेव्हां कळविलें होतें, "गुरुजी, महाराष्ट्राची बातमी समोर आहे, पण ती कोणत्या भाषेंत आहे हें समजत नाहीं."

उपाय ठाऊक नव्हता असें नाहीं. १९८८ सालीं पुण्यांत स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेनें भारतीय लिपींसाठीं मोठें काम केलें. १९९१ सालीं आपल्या लिपींच्या संकेतांचें राष्ट्रीय मानक ठरलें. त्याच वर्षीं 'युनिकोड' या जागतिक व्यवस्थेच्या पहिल्या आवृत्तींत देवनागरीला जागा मिळाली. त्या व्यवस्थेंत 'क' हा जगांत कोठेंही 'क'च असतो. परंतु मानक ठरणें निराळें आणि तें अंगवळणीं पडणें निराळें. संगणकांत, मग संकेतस्थळांत, मग मोबाइलमध्यें अशी ती व्यवस्था मुरेपर्यंत दोन दशकें गेलीं. या विलंबाचा एक परिणाम असा कीं, त्या आरंभींच्या वर्षांतला पुष्कळसा मराठी मजकूर आज कोणाजवळ असला तरी तो त्या जुन्या फॉन्टांच्या कुलुपांत अडकलेला आहे. कुलूप आहे, किल्ली नाहीं.

या बाबतींत इंडोनेशियाचें उदाहरण मला बोधक वाटतें. त्यांची भाषा रोमन लिपींत लिहिली जाते, त्यामुळें फॉन्टाचें हें लचांड त्यांच्यामागें नव्हतें. कागदावरून पडद्यावर एका उडीसरशीं जातां आलें. आणि ती उडी त्यांना हौसेनें नव्हे, गरजेनें मारावी लागली. जून १९९४ मध्यें तेथील सरकारनें 'तेंपो' या नांवाजलेल्या साप्ताहिकाचा परवाना रद्द केला. तेव्हां १९९६ सालीं त्या मंडळींनीं आंतरजालावर पत्र सुरू केलें, कारण परवाना लागे तो छापण्याला; पडद्यासाठीं तसा नियम अजून कोणाला सुचलाच नव्हता. १८७८ सालीं लॉर्ड लिटननें देशी भाषांच्या पत्रांवर निर्बंध घातले, तेव्हां कलकत्त्याची 'अमृतबझार पत्रिका' एकाएकीं संपूर्ण इंग्रजी झाली, त्याची येथें आठवण होते. कायद्यानें भाषा धरली, पत्रानें भाषा बदलली. तिकडे कायद्यानें कागद धरला, पत्रानें कागद सोडला. सुहार्तो १९९८ च्या मे महिन्यांत पायउतार झाले, 'तेंपो' त्याच वर्षीं पुन्हां छापूं लागला, आणि जुलैमध्यें 'डेटिककॉम' हें कागदाशीं कधींच संबंध नसलेलें वृत्तपत्र तेथें जन्मास आलें. पुढची हकीकत मात्र उलट्या दिशेची आहे. तेंपो-परिवाराच्या दैनिकानें १ जानेवारी २०२१ पासून छपाई थांबविली, आणि 'रिपब्लिका' या मोठ्या दैनिकाचा छापील अंक २०२२ अखेर बंद झाला. जें एके काळीं सुटकेचें दार होतें, तेंच तेथें एकमेव दार होऊं लागलें आहे.

आपल्याकडे अद्याप तशी वेळ आलेली नाहीं. मोठीं मराठी दैनिकें छापलीं जातात आणि विकलींही जातात. परंतु २०२० च्या टाळेबंदीनें आपल्याला पुढचें चित्र दाखविलें. मार्चअखेर मुंबई-पुण्याकडे कित्येक घरीं अंक येईनासे झाले. एप्रिलांत तर राज्य सरकारनें घरोघर वर्तमानपत्र टाकण्यास मनाईच केली, आणि ती मोठीं शहरें वगळून हळूहळू सैल केली. त्याच वर्षीं माउलींच्या पादुकांचें प्रस्थान १३ जून रोजीं मोजक्या मंडळींत झालें. पादुका आळंदींतच थांबल्या, आणि ३० जून रोजीं एस. टी. च्या गाडींतून पंढरपुरास गेल्या. आमच्या आळींतल्या ज्या वृद्धांनीं मोबाइलला कधीं हात लावला नव्हता, त्यांनीं त्या दिवशीं नातवंडांच्या खांद्यावरून वाकून तें प्रस्थान पाहिलें. एकदां डोळे पडद्याकडे वळले ते वळलेच. सकाळीं चहाबरोबर अंक हातांत नसला तरी दिवस उगवतो, हें लोकांना कळलें. आणि वृत्तपत्राच्या धंद्यांत याहून भयंकर ज्ञान नाहीं!

या बदलानें झालेला लाभ मी नाकारीत नाहीं. जिल्हावार आवृत्त्या निघूं लागल्यापासून खेड तालुक्याची बातमी पुणे जिल्ह्याच्या पानांत अडकून पडे. आतां चाकणच्या कारखान्यांत रात्रपाळी करणारा बीडचा किंवा यवतमाळचा मुलगा जेवणाच्या सुटींत आपल्या गांवची बातमी वाचतो; गांवीं पाऊस पडला कीं नाहीं, सोयाबीनला भाव काय, हें त्याला कंपनीच्या उपाहारगृहांत बसून कळतें. त्याच्यासाठीं तें वर्तमानपत्र नव्हे, घरचें पत्र आहे. माझ्या वयाच्या मनुष्याला आणखी एक सोय झाली, ती म्हणजे अक्षर बोटांनीं मोठें करतां येतें. ज्यांना दिसत नाहीं त्यांना तोच मजकूर यंत्र वाचून दाखवितें. छापील अंकाला हें जमलें नसतें.

मग तक्रार कशाची? मथळ्यांची म्हणावी तर ती किरकोळ आहे, तरी सांगितल्यावांचून राहवत नाहीं. पूर्वीं मथळा बातमी सांगण्यासाठीं असे. आतां ती लपविण्यासाठीं असतो. "आळंदींत असें काय घडलें कीं सगळेच थक्क झाले!" अहो, काय घडलें तें सांगा कीं! दाबून पाहिलें, जाहिरातींचे चार पडदे बाजूस सारले, तर तळाशीं एवढेंच निघालें कीं एका मंगल कार्यालयांत वऱ्हाड वेळेवर आलें. छापील अंक चार-पांच रुपयांस मिळे, आणि वाचकानें एकदां पैसे टाकले कीं त्याला फसविण्याचें कारण उरत नसे. फुकटच्या बातमींत मात्र वाचकाचें बोट हाच पैसा झाला आहे. फुकट वाचण्याची संवय आपणच लावून घेतली. तेव्हां यांत निम्मा दोष आपला.

माझी खरी तक्रार निराळी आहे, आणि ती मला इंद्रायणीच्या काठीं सांपडली.

इंद्रायणीवर फेंस येतो, हें आपण छायाचित्रांतून पाहिलेंच असेल. कार्तिकीच्या वेळीं, आषाढीच्या आधीं, घाटाच्या पायऱ्यांशीं पांढराशुभ्र फेंस दाटतो. दुरून पाहणाऱ्यास बर्फ वाटावें. वरच्या अंगाला पिंपरी-चिंचवडचा विस्तार आहे, वस्तीचें सांडपाणी आहे, कारखान्यांचें पाणी आहे. त्या फेंसांतूनच वारकरी स्नान करतात. निवृत्तीनंतर मीं मनाशीं असें ठरविलें कीं, हा फेंस कधीं कधीं आला, किती दिवस राहिला, त्या त्या वेळीं कोणीं काय आश्वासन दिलें, याची तारीखवार जंत्री करावी. कोणाविरुद्ध खटला भरण्यासाठीं नव्हे. गांवाच्या दप्तरीं एक नोंद असावी, एवढ्यासाठीं.

माझे वडील वर्तमानपत्रांतलीं कात्रणें ठेवीत. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेंत पानशेतचें धरण फुटलें त्या १९६१ च्या जुलैमधलीं कात्रणें अजून आहेत. कागद पिवळा पडला, कडा झडल्या, पण प्रत्येकावर त्यांनीं शिसपेन्सिलीनें तारीख घातलेली आहे, आणि अक्षर न् अक्षर वाचतां येतें. त्यांच्यामागून कांहीं वर्षें मींही तसें केलें. पुढें मात्र मीं विचार केला कीं, आतां सगळें आंतरजालावर आहे. कात्री आणि खळ हवी कशाला? बातमीचा दुवा वहींत लिहून ठेविला कीं झालें. श्रोतेहो, ही माझ्या हातून झालेली मोठी चूक.

जंत्री करावयास बसलों तेव्हां ते दुवे नातीकडून एकेक उघडवून घेतले. कांहीं ठिकाणीं 'हें पान सांपडत नाहीं' अशी पाटी. कांहीं ठिकाणीं तें संकेतस्थळच नाहींसें झालेलें, आणि त्याच्या जागीं भलत्याच वस्तूंचें दुकान उघडलेलें. एका दुव्यावर पान होतें, बातमीही होती, परंतु एका अधिकाऱ्यानें दिलेली मुदत मीं वहींत उतरून घेतली होती, तें वाक्यच तेथें नव्हतें. बातमीवर तारीख जुनीच; बदल केव्हां झाला, कोणीं केला, कां केला, याचा मागमूस नाहीं. वहींतलें माझें अक्षर खरें कीं पडद्यावरचें, हें आतां ठरवावें कसें? मीं ज्यांच्याकडे विचारणा केली, त्यांचें उत्तर सौजन्याचें होतें. ते म्हणाले, "आम्ही बातमी अद्ययावत करीत असतों." अद्ययावत! कालच्या बातमीला आज अद्ययावत करावयाचें, तर काल काय म्हटलें होतें हें उद्यां कोण सांगणार?

छायाचित्रांची गोष्ट आणखी बिकट आहे. फेंसाचें एकच छायाचित्र दर वर्षीं नव्यानें फिरतें. त्यावर तारीख नसते, काढणाऱ्याचें नांव नसतें. भाविक संतापतात, आणि मग कोणीतरी सहज म्हणतो, "हें जुनें आहे, आतां तसें कांहीं नाहीं." तो खरें बोलतो आहे कीं खोटें, हें आमच्याजवळ नदीशिवाय दुसऱ्या कोणाला विचारतां येत नाहीं, आणि नदी तोंवर पुढें गेलेली असते.

म्हणजे पहा, नाथांच्या आधीं ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांची जी स्थिति होती, ती आपल्या बातमीची झाली आहे. कोणीं ओळ गाळली, कोणीं घातली, मूळ प्रत कोणती, हें सांगतां येत नाहीं. फरक इतकाच कीं, पोथी बिघडावयास पिढ्या लागत. बातमी दुपारच्या जेवणापूर्वीं बिघडते.

कायद्याचें म्हणाल तर तो कागदाच्या काठाशींच उभा राहिला. १९५४ चा एक कायदा आहे. त्यांत दोन वर्षांनीं वृत्तपत्रांचा समावेश झाला. त्याप्रमाणें छापलेली प्रत कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे व ठरविलेल्या अन्य सार्वजनिक ग्रंथालयांकडे पाठवावी लागते. मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयाचाही त्यांत समावेश आहे. ज्या काळीं तो झाला, त्या काळीं पडद्यावरच्या वृत्तपत्राची कल्पना कोणाला असणार? १८६७ चा जुना कायदा जाऊन त्याच्या जागीं २०२३ सालीं नियतकालिकांच्या नोंदणीचा नवा कायदा झाला, तो मार्च २०२४ पासून अमलांत आहे. त्यानें नोंदणी सुलभ केली. डिजिटल बातम्यांसाठीं २०२१ सालीं केंद्र सरकारनें निराळे नियम केले. त्यांत तक्रार कोणाकडे करावी, तिचा निकाल किती दिवसांत लागावा, याचा विचार आहे. पण आजच्या पानाची एक न बदलणारी प्रत कोठेंतरी कायमची ठेवावी, ही साधी गोष्ट कोणाच्या अंगावर टाकलेली नाहीं. सरकारला तक्रार हवी आहे, वाचकाला ताजेपणा हवा आहे, चालकाला जाहिरात हवी आहे. कालचा अंक कोणालाच नको आहे.

असें असलें तरी हें काम अशक्य नाहीं. साने गुरुजींनीं १५ ऑगस्ट १९४८ रोजीं सुरू केलेलें 'साधना' साप्ताहिक अजून कागदावर निघतें, जुने अंक आंतरजालावर ठेवतें, आणि २०१९ पासून 'कर्तव्य' नांवाचें स्वतंत्र डिजिटल पत्रही चालवितें. त्या संस्थेजवळ मोठ्या वृत्तसमूहांचें भांडवल नाहीं. तेव्हां पैसा नाहीं म्हणून जतन होत नाहीं, ही सबब मला पटत नाहीं. बातमींत बदल केला तर खालीं एक ओळ घालावी कीं अमुक वेळीं अमुक शब्द बदलला. याला खर्च कितीसा येतो? जुन्या शुद्धिपत्राला निदान कागद लागे. येथें तोही लागत नाहीं. आपण वाचकांनीं मात्र हें मागितलें पाहिजे, आणि मागावयाचें तर चार पैसे मोजण्याची तयारीही ठेविली पाहिजे. रोजच्या चहापेक्षां स्वस्त असलेली वर्गणी आपल्याला महाग वाटते, हें मला अजून उमगलेलें नाहीं.

माझ्यापुरती मीं एक व्यवस्था केली आहे. नदीसंबंधीं कांहीं दिसलें कीं नात तें पान जसेंच्या तसें छापून आणते. दुकानदार एका पानाचे पांच रुपये घेतो. म्हणजे पूर्वीं एवढ्यांत सबंध वर्तमानपत्र येई, हें मी तिला दर खेपेस सांगतों आणि ती दर खेपेस हंसते. मी त्यावर वडिलांप्रमाणें शिसपेन्सिलीनें तारीख घालतों, आणि त्यांनीं कधीं घातली नव्हती ती वेळही घालतों. छायाचित्र असेल तर मी स्वतः घाटावर जाऊन पाहून येतों, आणि मागल्या बाजूस लिहितों : प्रत्यक्ष पाहिलें, किंवा पाहिलें तेव्हां नव्हतें. विक्रेत्याच्या त्या मुलाला हें कळल्यापासून तोही हाताशीं आला आहे. घाटाकडून येतांना त्याला फेंस दिसला कीं, ढिगांतला ताजा अंक पायरीवर धरून, तारखेचा मथळा दिसेल अशा बेतानें, तो मोबाइलवर छायाचित्र काढतो आणि नातीकडे पाठवितो. तो म्हणतो, "गुरुजी, पेपरचा एवढा तरी उपयोग."

ट्रंक आतां भरत आली आहे. गेल्या आठवड्यांत झांकण बसेना, म्हणून पानशेतचीं कात्रणें काढून वेगळ्या पिशवींत ठेवावीं असें मीं म्हटलें. नात म्हणाली, "नको आजोबा, तीं तळाशींच असूं देत. आपण दुसरी ट्रंक आणूं."